पस्तीस ग्रॅम

काटेवाल्यांनी खिशातून काटे तपासायचा पितळेचा किलो काढला आणि सिस्टरांपुढे धरला.

"याला जरा स्पिरिट लावून द्या."

"कशाला?"

"तुमच्या काट्यावर ठेवायचाय."

सिस्टरांचं पेन तक्त्यावर थबकलं. नुकतंच त्यांनी काटेवाल्यांच्या नातीचं वजन करून तिला काचेच्या पेटीत परत ठेवलं होतं. काट्यावर आकडा आला होता बाराशे पाच. भिंतीवरच्या सूचनेत स्पष्ट लिहिलेलं होतं की बाराशे ग्रॅम भरल्याशिवाय बाळ पेटीतून काढून आईच्या छातीशी द्यायचं नाही. काटेवाल्यांची लेक चोवीस दिवस त्या बाराशेची वाट बघत होती. आकडा ऐकताच ती कोपऱ्यातल्या कलत्या खुर्चीत जाऊन बसली होती, अंगावरच्या गाऊनची वरची नाडीही सोडून झाली होती.

"बाबा, आत्ता नको," ती म्हणाली.

पण काटेवाल्यांना आत्ता नको, मग बघू, हे कधी जमलेलंच नाही. चाळीस वर्षं ते काटे दुरुस्त करत होते. किराणावाल्यांचे, भंगारवाल्यांचे, सोनारांचे. बाजारात त्यांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. काटेवाले आले एवढं कानावर आलं की चार दुकानांत पारड्यावरचे अंगठे आपोआप उचलले जायचे. नात अकरा आठवडे आधीच जन्माला आली ती नऊशे सत्तर ग्रॅमची. त्या दिवशी त्यांनी खिशातल्या किलोवर हात ठेवला, आणि त्यांना कळलं, आपली नात याच्याहून हलकी आहे. तरी बाहेर येऊन त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, नात झाली म्हणून. लोकांना चेहरा कसा करावा ते कळेना. शेजारचा शिंपी म्हणाला, "जरा सावरू दे, मग सांगायचं." काटेवाल्यांनी त्याच्याकडे चहाला जाणं बंद केलं. त्यांची थोरली बहीण तर रोज फोनवर बजावायची, एवढा जीव लावू नकोस.

"जीव काय मलम आहे, थोडा थोडा लावायला?" ते म्हणाले होते आणि फोन ठेवला होता.

सिस्टरांनी कापसावर स्पिरिट घेऊन किलो पुसून दिला. चोवीस दिवसांत या माणसाशी वाद घालून काही निघत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं.

"काल अकराशे पन्नास होती," काटेवाले म्हणाले. "एका दिवसात पंचावन्न ग्रॅम? अहो, तिच्या पोटात दूध जातं ते चमच्याने. आणि हा काटा कालचा नाही."

"कालचा रात्री बंद पडला. हा गोदामातून आणलाय."

"तेच म्हणतोय मी."

त्यांनी काट्यावरचं कापड सारखं केलं, आकडा शून्यावर येऊ दिला आणि किलो अलगद मधोमध ठेवला. एक हजार चौतीस. उचलला, थांबले, परत ठेवला. एक हजार चौतीस. मग चारही कोपऱ्यांत ठेवून पाहिला. काटा आपल्या म्हणण्यावर ठाम होता.

"शून्यावर शहाणा आहे. वजन ठेवलं की फुगवून सांगतो."

सिस्टरांनी तक्त्याच्या मागे गुणाकार-भागाकार मांडला, खोडला, परत मांडला. काटेवाल्यांनी तोवर मनातच हिशेब केला होता, पण ते बोलले नाहीत. लेकीसमोर तो आकडा आपल्या तोंडून जावा असं त्यांना वाटेना.

"अकराशे पासष्ट," सिस्टर म्हणाल्या.

लेकीने गाऊनची नाडी हातात घेतली आणि नुसती धरून बसली.

"पस्तीस ग्रॅम कमी," ती म्हणाली. "पस्तीस ग्रॅमनी काय होतं, बाबा? तुम्ही गप्प बसला असतात, तर आत्ता ती माझ्यापाशी असती."

"पोरी..."

"जन्मभर लोकांच्या दुकानांत नाक खुपसलंत. आज माझ्याही आनंदात खुपसलंत."

काटेवाल्यांना हे लागलं. बाजारात त्यांना याहून वाईट बोल रोज ऐकायला मिळत आणि ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देत. हा बोल सोडता येईना. त्यांनी किलो खिशात टाकला, परत काढला, परत टाकला.

"तिला औषध वजनावर देतात. दूध वजनावर देतात," ते म्हणाले. "चाळीस ग्रॅम जास्त लिहिले, तर औषधही तेवढं जास्त जाणार. आणि कालपासून पंधरा ग्रॅम वाढलीये ती. ते पंधरा तिने स्वतः कमावलेत. त्यावर या भंगाराने चाळीस चिकटवायची गरज नाही. माझ्या नातीला उसनं वजन नको."

"बरोबर आहे त्यांचं," सिस्टर हळूच म्हणाल्या. "मी दुसरा काटा मागवते. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. तोवर थांबू."

"थांबायचं नाही. आजच द्यायची."

सिस्टर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "आजोबा, काटा तुम्हीच खोटा ठरवलात ना?"

"काटा खोटा ठरवला. पोर नाही ठरवली."

तेवढ्यात डॉक्टरबाई फेरीवर आल्या. वयाने लेकीएवढ्याच, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं. सिस्टरांनी त्यांना काटा, किलो आणि आकडे सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी आधी बाळाच्या औषधाचा कागद मागवला आणि आजचं माप अकराशे पासष्टच्या हिशेबाने लिहिलं. मग त्या काटेवाल्यांकडे वळल्या.

"आभार. चूक पकडलीत."

"आभार राहू द्या. मला एक सांगा, बाराशेच कशाला लागतात?"

"त्या वजनाची बाळं बहुतेक पेटीबाहेर तग धरतात. श्वास अडखळत नाही, अंग गार पडत नाही."

"हिचा श्वास अडखळतो का?"

डॉक्टरबाईंनी सिस्टरांकडे पाहिलं. "चार दिवस नाही," सिस्टर म्हणाल्या. "श्वासाची नळीसुद्धा काढलीये."

"मग काट्याला कशाला विचारता? तिलाच विचारा की."

"आजोबा, नियम असतो."

"असू द्या. मी नियमाचाच माणूस आहे, खोटं माप चालू देत नाही कुठे. पण मोडायचा तर उघड मोडा. अकराशे पासष्ट लिहा आणि खाली लिहा, तरी दिली. कोणी जाब विचारला तर माझ्याकडे पाठवा, मला भांडायची सवय आहे."

डॉक्टरबाईंच्या ओठांवर हसू येऊ पाहत होतं, पण काटेवाल्यांचा चेहरा बघून ते तिथेच विरलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

"चोवीस दिवस सगळे मला थांब म्हणतायत. थांब, सांगू नकोस. थांब, जीव लावू नकोस. ती जगणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण समजा माझं चुकलं. समजा परवा काही झालं. तर माझ्या पोरीने तिच्या पोरीला एकदाही धरलेलं नसेल, बाई. मग ते बाराशे ग्रॅम मी कुठे नेऊन घालू?"

खुर्चीतून लेक त्यांच्याकडे बघत होती. एवढं बोलताना तिने बापाला कधी पाहिलं नव्हतं. काटेवाल्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि सूचनेचा कागद वाचत असल्यासारखं करू लागले.

डॉक्टरबाई पेटीशी गेल्या. झरोक्यातून हात आत घालून त्यांनी स्टेथोस्कोपची लहानशी चकती बाळाच्या छातीवर टेकवली आणि घड्याळाकडे बघत मिनिटभर ऐकत राहिल्या. मग बाळाचे तळवे चाचपले. मग पुन्हा मिनिटभर ऐकलं.

"अर्धा तास," त्या म्हणाल्या. "सिस्टर शेजारून हलणार नाहीत. श्वास जरा जरी अडखळला, तरी बाळ लगेच पेटीत."

"कबूल," काटेवाले म्हणाले, जणू त्यांनाच विचारलं होतं.

डॉक्टरबाईंनी तक्त्यावर लिहिलं. काटेवाल्यांनी मान उंच करून वाचलं. अकराशे पासष्ट. खाली, श्वास स्थिर, आईकडे दिले, आणि सही. सही चांगली ठळक होती.

लेक गाऊनची पुढची नाडी सोडू लागली तसे ते बाहेर आले. सिस्टरांनी पडदा ओढला. काटेवाले पडद्याकडे पाठ करून, हात मागे बांधून उभे राहिले. आतून पेटीची झडप उघडल्याचा आवाज आला, मग सिस्टरांचं हळू बोलणं, डोकं इकडे, वायर सांभाळा, हं, असं. मग नुसतं यंत्राचं एका लयीतलं टिकटिकणं. ते त्यांनी शंभरपर्यंत मोजलं आणि पुढे सोडून दिलं.

"बाबा," आतून लेकीचा आवाज आला.

"काय गं? श्वास घेतेय ना?"

"घेतेय." मग ती म्हणाली, "बाबा, जड आहे हो."

किती, ते काटेवाल्यांनी विचारलं नाही.