शेजारच्या सीटचा ब्रेक

आमच्या गाडीला ब्रेक दोन आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, सगळ्या गाड्यांना असतो तसा. दुसरा शेजारच्या सीटपुढे, आमच्या ह्यांच्या पायाशी. हे ड्रायव्हिंग शिकवतात. शिकाऊ माणूस घाबरून भलतंच काही करायला लागला की हे आपल्या बाजूचा ब्रेक दाबतात. दोन्ही ब्रेक आतून जोडलेले असल्यामुळे चालवणाऱ्याचाही आपोआप खाली जातो आणि गाडी थांबते. सगळे ह्यांना मास्तर म्हणतात. खांबाला, भिंतीला आणि एकदा तर चक्क पोलिसाच्या मोटारसायकलला गाडी टेकवणाऱ्यांशीसुद्धा मास्तर आवाज न चढवता बोलतात. "काही नाही झालं. परत करू." घरी मात्र दूध तापत ठेवलं की चारदा विचारतील, गॅस बारीक केलास ना?

रोज सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी मागचे दिवे तपासायचे असतात. आत बसून ब्रेक दाबणाऱ्याला मागचं दिसत नाही, म्हणून मागे एक माणूस लागतो. ते काम आमच्या लेकीचं. नीट बोलायला लागल्यापासून ती गाडीमागे उभी राहून ओरडायची, "लागले!" आणि ह्यांनी पाय काढला की, "विझले!" वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, आम्हाला गजर लावायची गरजच पडत नाही. तिला भिंगरी म्हणतात ते उगाच नाही. एका जागी उभं राहणं तिला ठाऊकच नव्हतं. दिव्यांची तपासणीसुद्धा ती एका पायावर उड्या मारत करायची.

मग ती आठवीत गेली आणि एक दिवस शाळेत रांगेत उभी असताना तिचा श्वास अडकला. हातांना मुंग्या, छातीत धडधड, आणि आपण आता मरणार अशी पक्की खात्री. शाळेतून आणली, पाणी पाजलं, झोपवलं. आम्हाला वाटलं, उपाशी गेली असेल. पण ते परत झालं, आणि परत झालं. आधी ती शाळेच्या फाटकातून मागे फिरायला लागली, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून, मग आमच्याच जिन्यातून. शेवटी दाराबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं तरी तिचे ओठ पांढरे पडायचे. बाहेर न्यायचीच झाली तर गाडी अगदी जिन्याला चिकटवून लावायची, आणि ती धावत जाऊन मागच्या सीटवर बसायची. काचा बंद असल्या की तेवढी शांत असायची. सकाळी हे गाडीमागे भिंतीला एक आरसा टेकवायला लागले. त्यात बघून दिवे तपासायचे. त्या आरशाबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नाही.

हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, आणखी काय काय तपासलं. सगळं नॉर्मल. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू कोसळलं. निदान एखादा आकडा तरी वरखाली निघाला असता तर त्याच्यावर बोट ठेवता आलं असतं. माझा भाऊ म्हणाला, "लाडावून ठेवलीय तुम्ही. दोन दिवस माझ्याकडे पाठवा, सरळ करतो." मी त्याला म्हटलं, तुझी स्वतःची पोरं आधी सरळ कर, मग बघू. तेव्हापासून तो जरा जपून बोलतो.

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच सांगितलं, हे मनाचं आहे, मुलांच्या मनाचं बघणाऱ्या कुणालातरी दाखवा. आम्ही एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंगरीला विचारलं, "काय होतं गं तुला?" आणि ह्यांनी सांगितलं. "कधीपासून?" ह्यांनी सांगितलं. "झोप लागते?" तेही ह्यांनीच सांगितलं, आणि वर उशी कुठल्या बाजूला घेते हेही सांगितलं. ती आपली बुटांच्या लेसकडे बघत बसली. परतताना मागच्या सीटवरून आवाज आला, "मला कुणी काही विचारलंच नाही."

"विचारलं की! मी सगळं व्यवस्थित सांगितलं ना," हे म्हणाले. त्यांना खरोखरच वाटत होतं की काम फत्ते झालं.

परत तिथे यायला ती तयार होईना. दुसऱ्या ठिकाणी प्रतीक्षेची खोली इतकी भरलेली होती की ती दारातूनच पळाली. मग मी फोन धरला. मी स्वतः दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. दिवसभर लोकांना गोड आवाजात सांगते, "या महिन्यात नाही हो जमणार, कुणी रद्द केलं तर नक्की कळवते." आता तीच वाक्यं, त्याच गोड आवाजात, माझ्या कानावर यायला लागली. एका ठिकाणची पोरगी तर पुढच्या वर्षाची तारीख द्यायला निघाली होती. मी म्हटलं, "बाई गं, ही दाढ नाहीये." तिला काही कळलं नाही.

असं करत करत एका जागी फोन उचलला तो थेट समुपदेशक मॅडमनीच. पुढच्या टेबलावर कुणी ठेवलंच नव्हतं त्यांनी. माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती कुठपर्यंत येऊ शकते?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "गाडीपर्यंत."

"मग गाडीपर्यंत आणा."

त्यांची खोली एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर होती. बाजूने अरुंद जिना. ह्यांनी गाडी जिन्याच्या जरा पुढे लावली. भिंगरी मागे घट्ट पट्टा लावून बसलेली. मी वर जाऊन सांगितलं, आलोय, पण ती उतरणार नाही. मॅडम म्हणाल्या, "चला, मी येते." वयानं माझ्याहून मोठ्या, अंगानं भरलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट. एकेक पायरी कठड्याला धरून उतरल्या आणि प्रत्येक पायरीला गुडघ्यांच्या नावानं काहीतरी पुटपुटल्या. खाली येऊन काचेवर टकटक केलं.

"मी आत बसू का?"

भिंगरीनं मान हलवली. मॅडम पुढे, ह्यांच्या रोजच्या जागी बसल्या आणि खाली वाकून बघायला लागल्या. "अगंबाई, इथेही ब्रेक? हा कुणाचा?"

"तो ना, शिकाऊ माणूस चुकला की—" ह्यांनी सुरुवात केली.

"मी तिला विचारलं," मॅडम म्हणाल्या, अगदी साधेपणानं.

मी खिडकीशी वाकून उभी होते आणि माझ्याच तोंडाशी उत्तर आलं होतं. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "बाबांचा आहे."

"ते कधी दाबतात? माणूस चुकल्यावर, की चुकण्याआधी?"

"आधीच," भिंगरी म्हणाली, आणि तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. त्याला हसू म्हणायला माझी हरकत नव्हती.

मग मॅडमनी ह्यांना गाडीबाहेर जायला सांगितलं. ह्यांच्या चेहऱ्यावर असे भाव, की पहिल्याच दिवशी शिकाऊ माणसाच्या हाती किल्ली देऊन उतरायला सांगितलंय. तरी उतरले. पुढचा सगळा वेळ आम्ही दोघं सायकलच्या दुकानापाशी उभे. हे दर थोड्या वेळानं गाडीकडे जायचे. एकदा पाण्याची बाटली द्यायला, एकदा काच खाली करू का विचारायला. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा मी सदरा धरून मागे ओढलं. "मास्तर, तुम्हाला नाही बोलावलं."

"पण ती बोलतच नसेल गं. ती बाई नुसती बसलेली असेल."

"बसू दे."

तेव्हा माझं लक्ष ह्यांच्या पायाकडे गेलं. गाडीतून उतरलेला माणूस, फरसबंदीवर उभा, आणि बूट जमिनीवर दाबून धरलेला. मला हसू आलं. तळहाताच्या फोडासारखी जपलेली पोर, हे तरी काय करणार. मी त्यांचा हात हातात घेतला. आम्ही रस्त्यात असे कधी उभे राहत नाही.

त्यानंतर दर आठवड्याला जायचं ठरलं. मॅडम खाली यायच्या, पुढे बसायच्या, आम्ही सायकलींमध्ये उभे. दुकानदारानं आम्हाला दोन स्टुलं काढून दिली. भिंगरी आत काय बोलायची ते आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारायचं नाही असा हुकूम होता. घरी मात्र ह्यांना अभ्यास दिला होता. तिला काही विचारलं की ती बोलेपर्यंत गप्प बसायचं, कितीही वेळ लागो. बिचारे मास्तर! पोळी हातात धरून, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसायचे. मी त्यांची भरपूर थट्टा केली. "काय हो, सुटतंय का ब्रेकवरचं पाऊल?" मला फार मजा वाटायची. आपल्याला काही अभ्यास दिलेला नाही, म्हणजे आपलं बरोबर चाललंय, असं मी धरून चालले होते.

भिंगरी हळूहळू पहिल्यासारखी जेवायला लागली. एकदा वरच्या काकूंकडे वाटी परत द्यायला निघाली. अर्ध्या जिन्यातूनच घामाघूम होऊन परत आली, दोन दिवस कोणाशी बोलली नाही, आणि मी ठरवलं की संपलं सगळं. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अर्ध्यापर्यंत गेली ना? मग छान."

आणि मग एके दिवशी गाडीतून उतरताना त्यांनी तिला सांगितलं, आमच्यादेखत, "पुढच्या वेळी मी वर दारात उभी असेन. खाली येणार नाही. तू ये. आईबाबा गाडीतच बसतील."

"तुमचे गुडघे दुखतात म्हणून?" भिंगरीनं विचारलं.

"दुखतात तर आहेतच. पण ते कारण नाही. मला वाटतं तुला जमेल."

मी बाजूला घेऊन विचारलं, "आणि नाही आली तर?"

"तर त्याच्या पुढच्या वेळी परत बघू."

त्यांनी सहज सांगितलं, पण मला ते सहज घेता येईना. हे दार बंद झालं तर ठोठावायला दुसरं दार मला माहीत नव्हतं. सगळे फोन करून झाले होते.

तो दिवस आला. संध्याकाळी मला कामावरून घेऊन आम्ही तिघं निघालो. हे चालवत होते, मी शेजारी, भिंगरी मागे. ह्यांनी गाडी जिन्याच्या पुढे लावली, हातब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. उजेड उतरत आला होता. वर मॅडमच्या दारात पिवळा दिवा दिसत होता आणि त्यात त्यांचा भरलेला आकार.

भिंगरी जागची हलली नाही. तिचा श्वास आम्हाला ऐकू येत होता, छोटा छोटा, घाईचा. मला म्हणावंसं वाटलं, राहू दे बाळा, आज नको. मला म्हणावंसं वाटलं, जा गं, मी येते बरोबर. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि दोन्ही पाय मागे, सीटला टेकवून. ओठ मिटलेले. चेहरा असा, की कुणी हात लावला असता तर रडले असते.

मागचं दार उघडलं.

ती उतरली. दार लोटायला विसरली. गाडीच्या मागच्या बाजूला चार पावलं चालत जिन्याशी गेली आणि पहिल्या पायरीवर थांबली. मी मान वळवून मागच्या काचेतून बघत होते. तिनं कठडा धरला. एक पायरी चढली. परत थांबली. तिचा खांदा वर गेला, तो श्वास अडकतानाचा खांदा, मला आता झोपेतही ओळखू येतो. ती वळली आणि गाडीकडे बघायला लागली.

परत येणार, मी मनात म्हटलं. आली परत.

पण ती तशीच उभी राहिली, आमच्या मागच्या दिव्यांकडे बघत. आणि मग जिन्यातून तो आवाज आला, कित्येक महिन्यांत न ऐकलेला, अख्ख्या गल्लीनं मान वळवावी असा.

"लागले!"

ह्यांनी दचकून आपल्या पायांकडे बघितलं. त्यांचे पाय होते तिथेच होते, पण त्यांच्या पुढचा ब्रेक पार खाली गेलेला होता. मग त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. मीही बघितलं. माझा बूट शेजारच्या सीटच्या ब्रेकवर होता, सगळ्या ताकदीनिशी दाबलेला, पोटरीत गोळा येईपर्यंत. कधी ठेवला, मला पत्ता नाही.

इतकी आयती संधी, मी त्यांची केलेली सगळी थट्टा परत करायची, आणि मास्तर गप्प बसून राहिले.

मी पाय काढला.

"विझले!" भिंगरी ओरडली, आणि जिन्यावर तिची पावलं वाजायला लागली, वर, वर.