बिनगुठळीचा गिलास

कस्तुराबाईच्या हातचं बेसन इंझोरी गावात नावाजलेलं. उकळत्या पाण्यात डाव्या हातानं पीठ सोडायचं, उजव्या हातानं पळी फिरवायची आणि तोंडानं तिसऱ्याच बाईचा समाचार घ्यायचा, तरी गुठळी म्हणून व्हायची नाही. हे काही देवानं वरून दिलेलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याच्या ताटात एक गुठळी गेली होती, हरभऱ्याएवढी.  डाळीतला खडा काढावा तशी जगदेवनं ती बोटानं काढली, ताटाच्या काठाला ठेवली आणि हात धुऊन उठला. भांडला असता तर कस्तुराबाईनं चाराला आठ शब्द परत दिले असते. तिच्या घरी शब्दांची टंचाई कधी पडली नाही. पण त्या मुकाट्यानं ठेवलेल्या गुठळीला उत्तर नव्हतं. तेव्हापासून बेचाळीस वर्षं तिनं त्या माणसाच्या घशाखाली गुठळी जाऊ दिली नाही.

आणि आता त्याच माणसाचं सगळं गुठळीपाशी येऊन अडलं होतं.

टायफॉइडनं जगदेवला तीन आठवडे लोळवलं. वाशीमच्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा अंगातला सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. भाकरी पाहिली की तोंड फिरवायचा, वरणभाताचे चार घास खाल्ले की ताट सारायचा. डॉक्टरनं पावडरीचा मोठा डबा दिला होता: दोन चमचे दुधात, दिवसातून तीनदा. वर बजावलं होतं की सोमवारी परत या, वजन करू. काटा त्रेचाळीसच्या खाली गेलेला दिसला तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. जगदेवनं ते ऐकून घेतलं. गाडीत बसल्यावर बायकोकडं न पाहता एवढंच म्हणाला, "राजूची माय, मले नळी नको लावू देजो."

नको म्हणणं सोपं होतं, पावडर कालवणं सोपं नव्हतं. ती दुधावर पडली की आधी तरंगायची, चमचा लागला की गोळा व्हायची, बाहेरून ओली आणि आतून कोरडी. कस्तुराबाईचा चमचा झाला, पळी झाली, रवी झाली. रवीच्या पाकळ्यांत ती पावडर गाळात बैल बसावा तशी बसली. आधी घोटभर कोमट दुधात कालवून पाहिली, तर त्याचा लगदा झाला. शेवटी जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळली. दूध खाली आलं स्वच्छ, आणि औषध सगळं फडक्यात राहिलं.

जगदेव एक घोट घ्यायचा, जिभेनं काहीतरी चाचपायचा आणि ओठ मिटायचा. एकदा त्यानं गिलासात डोकावून विचारलं, "हे पेयाचं हाय का सारवाचं?" अशा दशेतही त्याला गंमत सुचत होती. कस्तुराबाईला हसू आलं नाही.

इलाज अंगणाच्या पलीकडं वीस पावलांवर होता. दुखणं तेच होतं.

पलीकडं राहत होती सून वैजयंती, राजूची बायको, मानोऱ्याच्या शाळेत मास्तरीण. दीड वर्षामागं तिनं मोबाइलवरून एक मशीन मागवलं होतं. मुठीत मावेल एवढं, सेलवर चालणारं; खाली लांब तार आणि तारेच्या टोकाला गुंडाळलेल्या तारेचं कडं. बटण दाबलं की कडं गरगर फिरायचं आणि कपातल्या कॉफीवर फेस चढायचा. ती त्याला फ्रॉदर म्हणायची, कस्तुराबाई भिंगरी. तेवढ्यावर राहिलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया जमल्या आणि कस्तुराबाईची जीभ मोकळी सुटली. आमच्या सुनेच्या मनगटात दूध हलवायचाही जोर नाही, तिथंही तिला सेल लागतो. उद्या पाळणा हलवायलाही मशीनच येईल, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. शेजारची भागिरथा हसता हसता तिळाच्या लाडवावर ठसकली. वैजयंतीनं सगळ्यांना वाण दिलं, मोठ्यांच्या पाया पडली, आणि पंधरा दिवसांत मागच्या खोलीत वेगळी शेगडी पेटवली.

अंगण एक, नळ एक, कपडे वाळायची दोरी एक, चुली दोन. राजू सकाळचा चहा इकडं प्यायचा, जेवायचा तिकडं. तुमच्या घरातली काडी मला नको, असं कस्तुराबाईनं तेव्हाच सांगून टाकलं होतं, आणि सांगितलेलं मोडायची तिला सवय नव्हती.

सासऱ्याच्या बाबतीत मात्र वैजयंतीनं अंगण मधे आणलं नाही. शाळेतून आली की आधी त्याच्या खाटेपाशी बसायची, कपाळाला हात लावायची, पेपर वाचून दाखवायची. बुधवारी तिनं खाटेखाली ठेवलेला भरला गिलास पाहिला. थोड्या वेळानं, पेपरातून डोकं वर न करता तिनं विचारलं की मशीन आणून देऊ का. कस्तुराबाई विचार करायच्या आत तिच्या तोंडानं उत्तर दिलं होतं. "मले मनगटं हायेत अजून."

वैजयंतीनं पेपराची घडी केली आणि ती उठून गेली. थुंकलेलं परत गिळता येत नाही. कस्तुराबाई रात्रभर त्या तीन-चार शब्दांवर कूस बदलत राहिली.

गुरुवारी राजूनं बापाला सोयाबीन मोजायच्या काट्यावर उभं केलं. बेचाळीस किलो आठशे.  जगदेव काट्यावरून उतरला आणि न सांगता जाऊन निजला.

शुक्रवारी दुपारी वैजयंती शाळेत होती, राजू वावरात. कस्तुराबाईनं एका हातात विरजणाची वाटी घेतली आणि दुसऱ्या हातातला पावडर टाकलेल्या दुधाचा गिलास पदराखाली धरला. विरजण तेवढं कोणाच्याही घरी मागायला जाता येतं, वैऱ्याच्याही. ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणे लोक. इथं भांडं उघड्यावर होतं, लपवाछपवी ताकाचीच होती. अंगणात पाहणारं कोणी नव्हतं. तरी तिनं वाटी नीट दिसेल अशीच धरली.

सुनेच्या घरात सगळे जिन्नस जागच्या जागी होते, डब्यांवर नावं लिहिलेली होती, ओट्यावर डाग नव्हता. एवढं पाहून कस्तुराबाईला थोडं वाईटच वाटलं. भिंगरी चमच्यांच्या स्टँडमध्ये उभी होती. कस्तुराबाईनं बटण दाबलं, भिंगरी किंचाळली, आणि विंचू दिसल्यासारखा तिनं हात मागं घेतला. दुसऱ्यांदा धीर करून ती गिलासात बुडवली.

दुधात भोवरा उठला. वर तरंगणारी पावडर भोवऱ्यात ओढली गेली. गुठळ्या एकदा गोल फिरल्या, दोनदा फिरल्या, फुटल्या आणि नाहीशा झाल्या. वर बोटभर पांढरा फेस आला. बेचाळीस वर्षं पळी फिरवलेली बाई ओट्याला टेकून लेकरासारखी पाहत राहिली. एवढंसं कडं हे करतं तरी कसं, ते जवळून पाहावं म्हणून तिनं ते वर उचललं. बटण तसंच दाबलेलं होतं.

भिंतीवर दूध, कॅलेंडरवर दूध, चष्म्यावर दूध. आणि टेबलावर ठेवलेल्या तिसरीच्या पोरांच्या उत्तरपत्रिकांवर दूध. कस्तुराबाईनं घाईघाईनं पदरानं टिपलं, तर लाल शाईचे गुण पसरले. कोणाचे सात आणि कोणाचे सतरा ते ओळखू येईना.

आता जे व्हायचं ते होईल, पण दुसऱ्याची वस्तू खरकटी ठेवून जाणारी बाई ती नव्हती. तिनं भिंगरी बादलीत मुठीसकट बुडवली, भांड्यांची पावडर लावून घासणीनं घासली, बटणाच्या फटीतून काडी फिरवली, पुन्हा बुडवली, झटकली आणि होती तिथं उभी करून ठेवली. एवढी चकचकीत ती विकत आणली त्या दिवशीही नसेल.

जगदेवनं पहिला घोट घेतला आणि सवयीनं जीभ फिरवली. मग दुसरा घोट, मग तिसरा. गिलास खाली ठेवताना कडेचा फेसही त्यानं बोटानं पुसून चाटला.

"आज गुठळी नाई, राजूची माय. शेवटी हात तो हातच."

कस्तुराबाईनं त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं.

पाच वाजता वैजयंतीची गाडी अंगणात आली. थोड्या वेळानं पलीकडून राजूचा आवाज ऐकू आला. खिडकी उघडी राहिली असेल, मांजर शिरलं असेल, असं तो म्हणत होता. कस्तुराबाई दारात गहू निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

"मांजरच असन," वैजयंती म्हणाली.

इतकी चटकन आणि इतकी सपाट म्हणाली, की कस्तुराबाईला सगळं कळलं. सून तिला सोडून देत होती. भांडण तिनं आनंदानं घेतलं असतं, टोमणा परतवला असता. पण असं दारामागून मिळालेलं माफीचं दान तिच्या सात पिढ्यांत कोणी घेतलं नव्हतं. तेवढ्यात पलीकडं बटण वाजलं. टक. पुन्हा टक. आवाज काही आला नाही. बंद पडलं वाटते, असं वैजयंती राजूला सांगत होती.

आत खाटेवर जगदेव दिवेलागणीच्या गिलासाची वाट पाहत होता. महिन्याभरात पहिल्यांदा त्यानं स्वतःहून विचारलं होतं, दूध कधी देशील म्हणून. कस्तुराबाईनं चुलीजवळच्या रवीकडं पाहिलं. मग गव्हाचं सूप बाजूला सारलं, पावडरीचा डबा काखेत घेतला आणि उघड्या हातानं, समोरच्या दारानं सुनेच्या घरात गेली.

वैजयंती उत्तरपत्रिका जमिनीवर एकेक करून वाळत घालत होती.

"मांजर नव्हती. मी होती."

"माईत हाय, आई. मांजर मशीन घासून ठेवत नाई."

राजू हसला. दोघींनी एकदमच त्याच्याकडं पाहिलं, तेव्हा त्याला गोठ्यातलं काहीतरी काम आठवलं.

उत्तरपत्रिकांचं काय करशील, असं कस्तुराबाईनं विचारलं; परत तपासीन, असं वैजयंती म्हणाली. मग सेलवाल्या वस्तूला अशी आंघोळ घालत नसतात, असं तिनं समजावून सांगितलं, त्यावर तुम्ही शिकलेले लोक खरकटंच वापरता का, असं कस्तुराबाईनं विचारलं. दीड वर्षाचं तुंबलेलं आता वाहायला लागणार, असा रंग दिसू लागला. पण वैजयंती मधेच थांबली.

"बाबा पेले का?"

"सगळा गिलास. फेसही चाटला बोटानं."

वैजयंतीनं मशीन हातात घेतलं. मशीनचं झाकण उघडलं, सेल काढले, आतलं पाणी झटकलं, काडीला कापूस लावून फटी पुसल्या. गॅसची आच याला सोसणार नाही, तुमची चूल पेटलेली आहे का, असं तिनं विचारलं. चूल विझत आलेली होती, तिच्या बाजूचा वैल नुसता उबदार होता. दोघींनी अलीकडं येऊन त्याच्यापासून हातभर अंतरावर पालथ्या ताटलीवर ते मशीन ठेवलं आणि समोर बसल्या. वैजयंती मोबाइलमध्ये वेळ पाहायची. कस्तुराबाई दर थोड्या वेळानं मशीन उलटं करायची, भाकरी परतावी तसं.  एकदा वैजयंतीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, एकदा कस्तुराबाईनं तिच्याकडं पाट सरकवला.

तासाभरानं टीव्हीच्या रिमोटमधले कोरडे सेल काढून मशीनमध्ये घातले. बटण दाबलं. आधी नुसतं कुरकुरलं, मग फिरलं.

"आधी बुडवा, मंग चालू करा," वैजयंती म्हणाली. "आन आधी बंद, मंग बाहेर." तिसरीच्या पोरांना सांगते तशीच ती सांगत होती. दुसरीतून शाळा सुटलेल्या कस्तुराबाईनं सांगितलं तसंच केलं.

जगदेवनं गिलास रिकामा केला आणि पुन्हा हाताचं कौतुक काढलं. ते कस्तुराबाईला आता पचेना.

"हात माहा नाई. वैजूची भिंगरी हाय."

जगदेवनं आधी बायकोकडं पाहिलं, मग सुनेकडं, मग गिलासाच्या तळाशी. "कोनाचीबी असो," तो म्हणाला. "सकाळीही असंच पाहिजे."

वैजयंती मशीन पुसून निघाली तेव्हा कस्तुराबाई तिच्या मागोमाग ओसरीपर्यंत गेली. दीड वर्षात तिनं त्या घराकडून काही मागितलं नव्हतं. 

"तू शाळेत जाशीन. हे माह्याकडं ठेवशीन का?"

"नाई," वैजयंती म्हणाली.

कस्तुराबाईनं मान हलवली. आपण पेरलं ते उगवलं, एवढंच तिच्या मनात आलं.

"इकडं ठेवलं का तुमी परत धुसान. तिथंच राह्यते ते. तुमीच येत जा, तिन्ही टाईम. आमी कडी लावत नसतो."

शनिवारी सकाळी सहाला कस्तुराबाई आपल्या म्हशीचं दूध लोट्यात घेऊन अंगण ओलांडून गेली. पिशवीच्या दुधाला ती दूध म्हणत नाही. वैजयंती पोळ्या लाटत होती. त्या पोळ्या पातळ आहेत, हे कस्तुराबाईनं पहिल्या दिवशी सांगितलं नाही, रविवारी सांगितलं. रविवारी दुपारी जगदेवनं वरणभातावर स्वतःहून पोळीचा अर्धा तुकडा मागून घेतला.

सोमवारी वाशीमला काटा त्रेचाळीस किलो चारशेवर थांबला. डॉक्टरनं नळीचं नाव काढलं नाही. पावडर पोटात जाते आहे असं दिसतं, बाकीच्या पेशंटना ती कालवतच नाही, तुमच्या घरी कोण करून देतं, असं त्यानं विचारलं. जगदेवनं बायकोकडं हात केला.

"आमी दोघी करतो," कस्तुराबाई म्हणाली.

वैजयंतीनं खाली मान घालून फाइलमधले कागद लावले. ते लावलेलेच होते.

परतीच्या वाटेवर जगदेव गाडीत तोंड उघडं टाकून झोपला. राजू गाडी चालवत होता. बराच वेळ कस्तुराबाई खिडकीबाहेरची तूर पाहत होती, आणि तुरीबद्दलही तिला काही बोलायचं असावं असं तोंड करून बसली होती. मग ती सुनेकडं वळली.

"वैजू, तुहा गॅसचा वटा लय उंच हाय. माहा हात पुरत नाई. तिथं एक पाट ठेवजो माह्यासाठी."

"ठेवला हाय सकाळीच," वैजयंती म्हणाली. "तुमी पाह्यला नाई."