दर गुरुवारी सव्वादोनला

बाबा सकाळी सव्वासहाला गेले आणि सर्व्हर दुपारी सव्वादोनला. दोघांची अकरा वर्षांची ओळख होती, त्यामुळे ते एकाच दिवशी गेले याचं फारसं आश्चर्य वाटायला नको होतं. अडचण एवढीच होती, की बाबांना घरी न्यायचं तर सर्व्हर जिवंत असणं गरजेचं होतं.

ताई लांबून यायची होती, म्हणून बाबांना हॉस्पिटलच्याच शवागारात ठेवलं होतं. खण क्रमांक सात. ताई साडेतीनला घरी पोचली. मी आणि मामा लगेच हॉस्पिटलच्या तळघरातल्या ऑफिसात आलो. अंत्यविधीची वेळ साडेपाचची मिळाली होती. ती चुकली तर थेट परवा, असं स्मशानातल्या माणसाने बजावलं होतं. घरी आईने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. "त्यांना घेऊन या, मग बघू," एवढंच तिचं म्हणणं. आईला मधुमेह आहे आणि हट्टही आहे, आणि दोन्हींवर औषध चालत नाही.

टेबलामागे निवृत्तीला टेकलेल्या एक क्लार्कबाई बसल्या होत्या. कानाला रिसीव्हर.

"सिस्टिम बंद आहे," त्या म्हणाल्या. "मघापासून मेकॅनिककाकांना फोन लावतेय. उचलत नाहीत."

माझ्या खिशात बाबांचा फोन वाजत होता.

मी तो काढून टेबलावर ठेवला. स्क्रीनवर नाव होतं 'तळघर'. बाईंनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला. फोन वाजायचा थांबला.

"खण सात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सकाळच्या पाळीने मला नुसते आकडे सांगितले हो," त्या म्हणाल्या आणि बराच वेळ टेबलाची कड पुसत राहिल्या. ती स्वच्छ होती.

मामाला शांतता झेपत नाही. "मॅडम, बॉडी सोडायचा कागद हाताने लिहून द्या की."

"हाताने बंद केलंय. मागे एकदा दिला होता, तर दुसराच माणूस गेला. घरच्यांनी दोन तास रडून घेतलं आणि मग चादर बाजूला केली."

"मग?"

"मग काय. परत घेऊन आले. रडणं फुकट गेलं म्हणून वर भांडले."

मामा माझ्याकडे वळला. "भाचेबुवा, धंदा तुझाच आहे ना हा? मग बघतोस काय?"

सर्व्हर कोपऱ्यात एका स्टुलावर होता. शेजारी बॅकअपची बॅटरी, फुगून कधीच मेलेली. तिच्यावर बाईंचा जेवणाचा डबा. मी स्क्रीन लावली. मशीन ठणठणीत चालू होतं, फक्त त्याला पत्ता नव्हता. नेटवर्कवर प्रत्येक मशीनचा ठरलेला आकडा असतो. तो गेला की बाकीच्या खोल्यांतल्या कॉम्प्युटरांना ते मशीन सापडत नाही. घर जागेवर, दाराची पाटी गायब.

"दर गुरुवारी जातो हो," बाई म्हणाल्या. "सव्वादोनला जनरेटर तपासतात. अर्धा मिनिट लाइट जाते. मग काका तीनला येतात." मग त्यांनी वाक्य दुरुस्त केलं. "यायचे."

हे मला माहीत होतं. माहीत कसलं, पाठ होतं. सव्वातीन वर्षांपूर्वी मी बाबांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान ताब्यात घेतलं आणि सगळी गिऱ्हाइकं घरबसल्या, माझ्या लॅपटॉपवरून सांभाळायला लागलो. बाबांना म्हटलं, आता आराम करा. हे एक तळघर त्यांच्याकडे ठेवलं, विरंगुळा म्हणून. आणि मग दर गुरुवारी रात्री जेवताना मी सुनवायचो, "एकच सर्व्हर, तोही दर आठवड्याला पडतो. मी गेलो असतो तर एका फेरीत निकाल लावला असता." बाबा भाताकडे बघत म्हणायचे, "जुनं मशीन आहे. लहरी आहे."

"पासवर्ड?" मी विचारलं.

"तो काकांनाच ठाऊक."

"मी विचारून येऊ का?" मामा म्हणाला. कुणी हसलं नाही. तोही नाही.

माझं नाव टाकून पाहिलं. नाही. ताईचं टाकलं. नाही. आईचं टाकलं, तेही नाही. शेवटी आमच्या कुत्र्याचं टाकलं, जो मी सातवीत असताना पळून गेला होता. उघडलं. घरात आपली पायरी कुठली, ते माणसाला असं कळतं.

आधी दिलेल्या कमांड मशीन लक्षात ठेवतं. बाण दाबून मागे गेलो. एकच ओळ. पत्ता द्यायची. तिच्या मागे तीच. तिच्याही मागे तीच. दीडशेहून जास्त वेळा, दर गुरुवारी. पण अशा हाताने टाइप केलेल्या कमांडने दिलेला पत्ता मशीन बंद होईपर्यंतच टिकतो. कायमचा द्यायचा तर पत्ता सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवावा लागतो. हे नवशिक्यालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला बाबांनीच शिकवलं होतं.

फाइल उघडली. पत्ता तिथे होता. पाचही ओळी बिनचूक, बाबांच्या सवयीप्रमाणे एकाखाली एक नीट लावलेल्या. फक्त प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला # ही खूण होती. ही खूण घातली की मशीन ती ओळ वाचत नाही. फाइलला शेवटचा हात लागल्याची तारीख सव्वातीन वर्षांपूर्वीची होती. मी दुकान घेतलं त्याच्या पुढचा सोमवार.

"मॅडम, हा आधीपासूनच पडायचा का?"

"छे. पहिली आठ वर्षं कधी तक्रार नाही. मग बिघडायला लागला. काका म्हणाले, वय झालं."

"दुरुस्तीला किती वेळ लागायचा त्यांना?"

"दोन मिनिटं." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तिथे दोन कप पालथे घातलेले होते. "आणि बसायचे दीड तास. तुमच्याबद्दल सांगायचे. पोरगं लई हुशार, म्हणायचे. एका फेरीत निकाल लावतं."



मामाचा फोन वाजला. ताई. त्याने ऐकून घेतलं आणि माझ्या कानाशी वाकला. "तुझ्या आईला घेरी आली. साखर घे म्हटलं तर तोंड मिटून बसलीय. साडेचार वाजले, बाळा. काय ते कर."

बाबांची ओळ टाइप केली असती तर दोन मिनिटांत कागद निघाला असता. बाहेर बाकावर आणखी एक कुटुंब बसलं होतं, त्यांच्याही खणाचा नंबर हातावर पेनाने लिहिलेला. पुढच्या गुरुवारी त्याच बाकावर तिसरं कुणी असणार होतं, आणि तीनला यायला कुणी नव्हतं.

मी पाचही खुणा काढल्या. फाइल सेव्ह केली. मशीन रीस्टार्ट केलं.

"बंद का केलंस?" मामा म्हणाला. "चालू होतं ना?"

"रीस्टार्ट करून बघितल्याशिवाय झालं म्हणायचं नाही. बाबांचा नियम आहे."

"मेल्या माणसाचे नियम आज नकोत रे."

चार मिनिटं लागली. मशीन खरोखरच जुनं होतं, तेवढं बाबा खरं बोलले होते. मग दिवा हिरवा झाला आणि पलीकडचा प्रिंटर खोकल्यासारखा आवाज करून सुरू झाला.

बाईंनी सुटकेचा कागद दिला. बरोबर सामानाची यादी: चष्मा एक, घड्याळ एक, कवळी एक संच.

"पुढच्या गुरुवारी तुम्ही याल ना?" त्यांनी विचारलं.

"गरज नाही पडणार. आता लाइट गेली तरी पत्ता जाणार नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

त्या उठल्या. खिडकीतला एक कप घेतला, कान तुटलेला, आणि माझ्यासमोर ठेवला. मग यादी परत मागून घेतली आणि छापील अक्षरांखाली पेनाने लिहिलं, कप एक. हाताने लिहायचं बंद केलेलं असूनही लिहिलं, आणि खाली सही केली.

गाडीत मी बाबांच्या पायाशी बसलो, कप मांडीवर. पाच वाजायला दहा मिनिटं होती. मामाने ताईला फोन करून सांगितलं, निघालो म्हणून, आईला आता पाणी पाज.

फोन ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. "हा कुणाचा?"

"बाबांचा."

"घरी तर कधी पाहिला नाही."

"ऑफिसातला आहे," मी म्हणालो.