पिल्लाची पावती
बंगळूरकडून येणारी तिसरी गाडी सोलापूर स्टेशनात लागली, तसे कुंडलिक पुन्हा पार्सलच्या डब्याकडे धावले. धावले म्हणजे, गुडघे जेवढं धावू देतील तेवढं. फुलांच्या पाट्या उतरल्या, खोकी उतरली, गोणपाटात गुंडाळलेली एक मोटरसायकल उतरली. पिल्लू काही उतरलं नाही. हमालाने डब्याचं दार ओढून घेतलं तरी ते फटीतून आत डोकावत राहिले.

पार्सल ऑफिसच्या खिडकीतून बिरुदेव हे सगळं बघत होता. होटगी स्टेशनात कुंडलिक एकतीस वर्षं पार्सलबाबू होते आणि बिरुदेवला हे काम त्यांनीच शिकवलं होतं.

"काका, कुणाचं पार्सल यायचं हाय? नंबर द्या की, मी बघतो."

"न्हाय रे. सहज आलोय."

सहज आलेला माणूस पहाटेपासून तीन गाड्या धुंडाळत नाही, हे बिरुदेवलाही कळत होतं. पण गुरूची उलटतपासणी कशी घ्यायची, म्हणून तो पुन्हा नोंदवहीकडे वळला.

झालं होतं ते असं. कुंडलिकांच्या बायकोला, नागूबाईंना, साखरेचा त्रास. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलेलं. घरात कुत्रा होता तोवर त्याच्या निमित्ताने त्या चालायच्या. तो गेला आणि बाईंनी उंबरा ओलांडणंच सोडलं. साखर वाढायला लागली तसा कुंडलिकांच्या जिवाला घोर लागला. त्यांनी मोबाइलवर लॅब्राडॉरचं पिल्लू शोधून काढलं. विकणारा बंगळूरचा, बोलायला मोठा गोड, किंमत बाजाराच्या निम्मी. रेल्वेने पाठवतो म्हणाला आणि पैसे घ्यायच्या आधीच पार्सलच्या पावतीचा फोटो पाठवून मोकळा झाला.

ती पावती धडधडीत चुकीची होती. नगांच्या रकान्यात वजन, वजनाच्या रकान्यात भाडं, स्टेशनचा कोड भलताच, आणि 'मालकाच्या जोखमीवर' हा शेरा कुठेच नाही. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. कुंडलिकांच्या आलं, आणि सावध व्हायचं सोडून त्यांच्यातला बाबू जागा झाला. त्यांनी विकणाऱ्याला फोन लावला आणि पंधरा मिनिटं चांगलं फैलावर घेतलं. असली पावती दाखवून कोण माल सोडेल, तिकडचा क्लार्क काय झोपा काढतो का, म्हणून विचारलं. मग एकेक रकाना समजावून सांगितला. पलीकडचा 'हां सर, हां सर' करत लिहून घेत होता. तासाभरात नवी पावती आली, बिनचूक. माणूस ऐकून घेणारा आहे, म्हणून कुंडलिक खूश झाले आणि त्यांनी बारा हजार पाठवून दिले.

संध्याकाळी त्याने पिंजऱ्याच्या विम्याचे सहा हजार मागितले, पिल्लू हातात पडलं की परत मिळतील म्हणाला. तेही दिले. आज सकाळपासून फोन लागत नव्हता.

ऑफिसच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. ऑनलाइन फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० वर फोन करा, लवकर कळवलं तर रक्कम अडवता येते. कुंडलिकांनी तो प्रत्येक फेरीला वाचला. एकदा फोन हातातही घेतला आणि परत खिशात टाकला. तिकडे आधी नाव विचारणार, मग काम विचारणार. काय सांगायचं? पार्सलबाबू पार्सलच्या पावतीला फसला? ही गोष्ट होटगीला पोचली तर लोक महिनाभर चहाबरोबर चघळतील. जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाबरोबर पैसे लांब जात होते, ते कळत होतं, जीव वरखाली होत होता, आणि तरी माणूस भिंतीपासून बाकड्यापर्यंत नि बाकड्यापासून भिंतीपर्यंत येरझारा घालत होता. लाजेने अगदी बांधून घातलं होतं त्यांना.

तेवढ्यात खिडकीशी एक बाई आली. तिचं नाव अनिसा. नातेपुत्याहून एसटीने आली होती. लेकीसाठी बंगळूरहून पर्शियन मांजर मागवलं होतं, ते आलं का, असं विचारत होती. तिने मोबाइल पुढे केला. बिरुदेवने पावती वाचली आणि नंबर घालून बघितला.

"नंबर दिसंना. पण पावती चोख हाय. आमाला होटगीला अशीच शिकवलीया."

कुंडलिक बाकड्यावरून उठले.

"येताना मोहोळ स्टँड आलं तवा बारा हजार पाठवले," अनिसा म्हणाली. "आता विम्याचे सात मागतोय. ते भरले की मांजर सोडतील म्हणं. हितनंच भरू का, भाऊ?"

कुंडलिकांनी तिच्या खांद्यावरून बघितलं. नगांच्या रकान्यात नग. वजन किलोत. कोड बरोबर. आणि खाली, त्यांनी सांगितलं होतं नेमक्या त्याच जागी, 'मालकाच्या जोखमीवर'. आपण फक्त फसलो, एवढंच ते सकाळपासून धरून बसले होते.

"भरू नका, ताई. पावती खोटी हाय."

"हे साहेब तर चोख हाय म्हणतेत, चाचा. तुमी कोण?"

कुंडलिकांनी भिंतीवरचा कागद तिला दाखवला. स्वतःच्या फोनवरून १९३० लावला आणि स्पीकर सुरू केला. "पयलं तुमचं सांगा. तुमचे जाऊन तासच झालाय, अडवले जातील कदाचित. माझे कालचे हायत."

ते 'माझे' ऐकून बिरुदेवने मान वर केली.

अनिसाने अडखळत नाव सांगितलं, रक्कम सांगितली, वेळ सांगितली. पलीकडच्या बाईंनी सगळं नोंदवून घेतलं आणि विचारलं, "पावती खोटी आहे, हे कशावरून म्हणता?"

अनिसाने कुंडलिकांकडे बघितलं. बिरुदेव खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. कुंडलिकांनी फोन तोंडाजवळ धरला.

"तिच्यात एकबी चूक न्हाय, मॅडम. होत्या तेवढ्या मीच त्याला काढून दिल्या. लिहून घ्या, कुंडलिक भालशंकर, रिटायर पार्सलबाबू, होटगी."