हात मागे बांधलेले सर

"सर, तुम्हाला चित्र काढता येतं का?"

प्रश्न भिंगरीचा नव्हताच मुळी. तो शिडीचा होता. शिडी म्हणजे तिची वर्गातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात भित्री मैत्रीण. "तू विचारूच शकत नाहीस," एवढंच शिडी मधल्या सुट्टीत म्हणाली होती. तू शकत नाहीस असं कुणी म्हटलं की भिंगरीच्या अंगात वारं शिरायचं, आणि यंदा ते जरा जास्तच शिरत होतं.

अठ्ठावीस पेन्सिली एकदम थांबल्या. सर खिडकीशी उभे होते, नेहमीसारखेच. दोन्ही हात पाठीमागे, उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलेलं. जणू सोडलं तर तो हात पळून जाईल.

"कुणी सांगितलं विचारायला?"

"कुणी नाही, सर."

शिडी बाकाखाली काहीतरी शोधायला लागली.

"सापडलं की मलाही दाखव," सर तिला म्हणाले. मग भिंगरीकडे वळले. "शाळा सुटल्यावर ये. उत्तर देतो. आता किटली काढ."

किटली! आज दहावा दिवस होता आणि दहाही दिवस तीच किटली. सर दहा दिवसांसाठी शाळेत येणार म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. चाळीसेक वर्षं चित्रकला शिकवणारे, एकोणीस देश फिरलेले, पदकविजेते. मुख्याध्यापकांनी स्वागताच्या भाषणात माहितीपत्रक हातात धरून वाचलं होतं, "यांच्या दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याच्या चित्रातला तो हात! परीक्षक म्हणाले होते, या हातात प्राण आहेत." टाळ्या पडल्या होत्या. सर मात्र कुणीतरी चिमटा काढल्यासारखा चेहरा करून बसले होते. मग त्यांनी ट्रंक उघडली. मुलींना वाटलं, आता काय काय निघणार. निघाली एक पोचा आलेली किटली. "काढा," सर म्हणाले, आणि हात मागे बांधून जे उभे राहिले ते आजपर्यंत.

बरं, चुकलं तर सांगावं ना? तेही नाही.

"सर, बघा ना, तोटी वाकडी येतेय."

"दिसतंय मला."

"मग सांगा ना कशी काढू."

"मला कशाला विचारतेस? किटली समोर आहे की."

किटलीशी काय बोलायचं माणसाने? शाळेतल्या चित्रकलेच्या बाई किती चांगल्या होत्या. अडलं की शेजारी येऊन बसायच्या, "दे बाळ इकडे" म्हणायच्या, हातातली पेन्सिल घ्यायच्या आणि चार रेघांत चित्र उभं करून द्यायच्या. बाईंच्या भाषेत याला 'सावरून देणं' म्हणायचे. शाळेतलं एकही चित्र न सावरता भिंतीवर लागत नसे. या सरांनी दहा दिवसांत कुणाच्या कागदाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मुलींनी त्यांचं नाव हातबांधे ठेवलं, आणि हातबांध्यांना मुळात काही येतच नाही, हे चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत एकमताने ठरलं.

शाळा सुटल्यावर भिंगरी शिक्षकांच्या खोलीत गेली ती मात्र प्रश्नासाठी नाही. तिच्या बगलेत मोठा पुठ्ठा होता आणि हातात फॉर्म. राजधानीतली चित्रशाळा प्रत्येक शाळेतून एकच विद्यार्थी घेणार होती. भिंगरीचं चित्र शाळेने निवडलं होतं, उद्या दुपारी ते पाठवायचं होतं, आणि फॉर्मवर पाहुण्या कलाशिक्षकाची सही हवी होती. घरी तर जणू प्रवेश झालाच होता. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. अडकलेल्या माणसांना बाहेर काढता काढता त्यांनी निम्म्या गावाला ही बातमी सांगून टाकली होती, आणि अडकलेला माणूस कुठे पळून जाणार?

सर ट्रंक भरत होते. किटली जुन्या सदऱ्यात गुंडाळून झाली होती.

"साडेपाचची बस आहे," ते वर न बघता म्हणाले. "तुमच्या मुख्याध्यापकांनी आभाराच्या भाषणात माझा पाऊण तास खाल्ला. दे काय ते."

तिने पुठ्ठा टेबलावर उघडला. कोळशाने काढलेलं चित्र होतं. शिलाई मशीनवर वाकलेली आई, सुईखाली कापड सरकवणारा तिचा हात. सर वाकले. हात मागेच.

"मशीन चांगलं आलंय. मान फार चांगली. बाई थकलीय हे मानेवरून कळतं." ते थांबले. "हा हात तू काढलेला नाहीस."

भिंगरीचे कान तापले. अकरा वेळा काढला होता तिने तो हात. अकराही वेळा कापूस भरलेला हातमोजा आला होता. शेवटी बाई म्हणाल्या होत्या, दे बाळ इकडे.

"बाईंनी फक्त जरा सावरला. त्या सगळ्यांचंच सावरतात."

"माहीत आहे. एकोणीस देशांत सावरतात."

"मग एका हाताने काय होतं, सर? बाकी सगळं माझं आहे."

सर ट्रंकेवर बसले. बस चुकत असलेल्या माणसासारखे घाईघाईने, चिडून बोलायला लागले.

"काय होतं ते सांगतो. मी बावीस वर्षांचा होतो. दोर वळणारा म्हातारा काढला. दाढी माझी, दोर माझा, पाठीमागची भिंतसुद्धा माझी. हात काही जमेना. माझ्या गुरुजींना दया आली. त्यांनी ब्रश घेतला आणि पाच मिनिटांत हात काढून मोकळे झाले. प्रेमानेच केलं त्यांनी, तुझ्या बाईंसारखंच. पदक मिळालं. पदकामुळे परदेशी शिकायला गेलो, शिकलो म्हणून नोकरी लागली, मग लोक बोलावतच राहिले. बर्फातल्या शाळा झाल्या, वाळवंटातल्या झाल्या. कुठेही जा, ओळख करून द्यायला एक माणूस उठतो आणि त्या हाताबद्दल बोलतो. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. मेला पिच्छाच सोडत नाही."

"मग तुम्ही खरं सांगितलं का नाही कधी?"

"सांगितलं की. दोनदा सांगितलं, भर सभेत. लोकांना वाटलं केवढा हा विनय. उभं राहून टाळ्या वाजवल्या."

भिंगरीला हसू आलं. तिने ते गिळलं. सरांच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं.

"तू वर्गात विचारलंस ना, काढता येतं का म्हणून," ते उठत म्हणाले आणि त्यांनी ट्रंकेचं झाकण पुन्हा उघडलं. किटली आणि चार कपडे सोडले तर आत सगळ्या वह्याच होत्या. एक त्यांनी तिच्यापुढे टाकली.

हात. पानापानावर नुसते हात. तिकीट फाडणारा कंडक्टरचा हात, बोटीच्या कठड्यावर झोपेत सैल सुटलेला बाईचा हात, वर्तमानपत्र धरलेले, पोराला थोपटणारे, खिडकीची काच पुसणारे. खाली बारीक अक्षरात तारीख. भिंगरीने दुसरी वही उघडली. तिच्यातही तेच.

"प्रवासात काढतो. दुसरं करायचं काय बसून," सर म्हणाले. "बोटं आता बरी येतात. हा अंगठा बघ."

तिने पाहिलं. खरंच, अंगठा जरा जाडच होता. कापूस भरल्यासारखा.

"कालचा आहे," सर म्हणाले. "अठ्ठेचाळीस वर्षं. अजून अंगठा येत नाही. वैताग आहे नुसता."

त्यांनी वही परत घेतली, जागेवर ठेवली आणि हात पुढे केला. "फॉर्म दे."

"सर, पण तुम्ही..."

"दे म्हणतोय ना. बस जाईल माझी."

त्यांनी खिशातलं पेन काढून सही ठोकली. वर छापील वाक्य होतं: सोबत जोडलेले चित्र विद्यार्थिनीने स्वतः, कोणाच्याही मदतीविना काढले आहे.

"वाक्याखाली सही केलीय. सोबत कुठलं चित्र जोडायचं ते तू बघ. माझ्या वेळी कुणाच्या लक्षातच आलं नाही. तुझं माझ्या लक्षात आलं, एवढाच काय तो फरक." त्यांनी ट्रंक उचलली. ती जड होती, एका बाजूला झुकून चालावं लागत होतं त्यांना. दोन्ही हात तिच्या कडीत अडकले होते, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते भिंगरीला नीट दिसले. म्हातारे, साधे हात. दारातून ते ओरडले, "आणि त्या शिडीला सांग, सापडलं तर पत्राने कळव म्हणावं."

घरी येईपर्यंत भिंगरी सरांवर चिडली, बाईंवर चिडली, शिडीवर तर फारच चिडली. सही नाकारली असती तर निदान रडता तरी आलं असतं. आता सही खिशात होती आणि सगळी कटकट तिच्या एकटीच्या गळ्यात.

बाबा जमिनीवर पुठ्ठे कापत बसले होते.

"आण इकडे ते चित्र. दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालतो. पोस्टातली माणसं कशी आपटतात मला माहीत आहे."

"बाबा, थांबा जरा."

"थांबा काय? सही झाली ना?"

"झाली."

"मग?"

आईने मशीन थांबवून चित्र हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. रोज एकदा तरी ती ते बघायची. "काही म्हण," ती म्हणाली, "हात फार सुरेख काढलायस गं माझा."

भिंगरी चित्रातल्या हाताकडे बघत होती. निमुळती बोटं, नितळ नखं. मग तिने चित्र धरलेला हात बघितला. टोचून टोचून खरबरीत झालेली तर्जनी. आणि अंगठा, मागे एकदा नखातून सुई आरपार गेली तेव्हापासून वाकडा. आई तो नेहमी मुठीत घ्यायची. आत्ताही कागदामागे लपवला होता. दहा दिवस किटलीचा पोचा बघत बसलेल्या मुलीला हे महिनाभर दिसलं नव्हतं.

"हा तुझा हात नाहीये, आई. बाईंनी काढलाय. कुणाचातरी."

बाबांची कात्री थांबली. "म्हणजे?"

"हात मला जमला नव्हता. म्हणून त्यांनी काढून दिला."

"मग बिघडलं कुठे? एवढ्याशा हाताचं कोण विचारतंय तुला?"

आई चित्राकडेच बघत होती. "राहू दे ना," ती हळूच म्हणाली. "चित्रात तरी असा असू दे."

भिंगरीला क्षणभर वाटलं, द्यावं बाबांच्या हातात आणि मोकळं व्हावं. मग तिने आईच्या हातातून चित्र काढून घेतलं, उलटं करून कपाटावर ठेवलं आणि कोरा कागद फळीला चिमट्यांनी लावला.

"हे जाणार नाही," ती म्हणाली. "मी दुसरं काढणारे. उद्या दुपारपर्यंत जसं होईल तसं, आणि तेच जाईल. हात कापसाचा आला तर कापसाचा. बाबा, पुठ्ठे ठेवा कापलेले, लागतील. आई, तू मशीनवर बस. आणि अंगठा लपवू नकोस."