झाकणवाल्यांचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. आज मी किल्ल्यांच्या जुडग्यात लटकतो, त्यामुळे माझ्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण एके काळी जुन्या बाजारात माझ्यासारख्या बिल्ल्यावाचून कुणाला सतरंजीसुद्धा अंथरता येत नसे. मी म्हणजे परवान्याची खूण. ज्याच्या छातीवर मी, त्याला बाजारात हक्काची जागा.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. पत्र्यातून मला गोल कापले, वरून साचा दाणकन आदळला आणि माझ्या अंगावर एक आकडा उमटला. जन्मतःच असा मार खाल्ल्यामुळे पुढच्या धक्क्यांचे मला फारसे काही वाटले नाही.

परवाना कार्यालयातून मी ज्यांच्या हाती पडलो, त्यांना सगळा बाजार ‘झाकणवाले’ म्हणे. कारण ते फक्त झाकणे विकत! किटल्यांची, बरण्यांची, डब्यांची, थर्मासची. जोडीदार हरवलेली हजारो झाकणे. लोक उघडी बोडकी भांडी घेऊन येत. झाकणवाले भांड्याच्या तोंडावरून एकदा अंगठा फिरवत, ढिगात हात घालत आणि नेमके झाकण वर काढत. “भांडं आहे ना? मग झाकण कुठंतरी असणारच. हुडकायचा कंटाळा करू नये,” असे ते म्हणत.

बाजाराच्या दिवशी सकाळी ते मला राख आणि लिंबू लावून घासत. मग सूनबाई मला त्यांच्या सदऱ्याला टोचून देई. मुलगा मालट्रकवर, आठवडेच्या आठवडे परगावी. त्यामुळे हातगाडी ढकलायला, झाकणे मांडायला सूनच बरोबर असे. सासऱ्यांचा अंगठा कसा फिरतो, हे ती गुपचूप बघून ठेवी. किती सुखाचे दिवस होते ते! ऊन माझ्यावर पडे आणि समोरच्या चष्मेवाल्या मावशी ओरडत, “अहो, तो बिल्ला झाका, डोळे दिपतात माझे!” झाकणवाले म्हणत, “सगळी झाकणं विकायला आहेत मावशी, याच्यासाठी कुठलं आणू?”

मग एके दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. घर तर चालायलाच हवे होते. पुढच्या बाजाराला सूनबाईने मला स्वतःच्या पदराला टोचले आणि ती एकटीच गाडी घेऊन निघाली.

दुपारी बाजार निरीक्षक आले. “बिल्ला कुणाचा?”

“सासऱ्यांचा.”

“आणि सासरे?”

“अंथरुणाला खिळलेत, साहेब.”

“बाई, परवाना म्हणजे काय वाटीभर साखर आहे, उसनी आणली आणि वापरली? ज्याचं नाव, त्यानंच बसायचं. मदतनीस म्हणून तुमचं नाव लावायचं असेल, तर त्यांनी स्वतः कार्यालयात येऊन सांगायला हवं. सलग वर्षभर त्यांच्याबरोबर बसलात, की परवाना तुमच्या नावावर होऊ शकतो.”

“पण त्यांना बोलता येत नाही हो!”

निरीक्षक जरा घुटमळले. पण नियम तो नियम. त्यांनी मला काढून घेतले आणि मी कार्यालयाच्या खणात, गंजक्या टाचण्यांच्या संगतीत जाऊन पडलो. त्या अंधारात मला राहून राहून त्या घरातल्या चुलीची काळजी वाटे.

काही दिवसांनी कार्यालयाच्या दाराशी ओळखीचा खडखडाट झाला. सूनबाईने सासऱ्यांना हातगाडीत, झाकणांच्या पोत्याला टेकवून आणले होते. निरीक्षक मला हातात घेऊन बाहेर आले. “आजोबा, सूनबाईंचं नाव लावायचं ना? तोंडानं सांगा.”

झाकणवाल्यांचे ओठ नुसते थरथरले. सूनबाईने मान खाली घातली. एवढ्यात शिपाई चहाची किटली घेऊन आला. तिच्यावर झाकण म्हणून बशी ठेवली होती. ती बघताच आजोबांचे डोळे चमकले. डाव्या हाताने त्यांनी आधी किटलीकडे बोट केले, मग सुनेकडे.

सूनबाईने किटलीच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि पोत्यातून एक झाकण काढले. आजोबांनी मान हलवली, सैल होते. तिने दुसरे काढले. ते टक्कन बसले. आजोबा खुदकन हसले.

“काय द्यायचं?” निरीक्षकांनी विचारले.

“राहू द्या साहेब, तुमच्याकडून काय घ्यायचं...”

आजोबांनी डाव्या हाताने गाडीवर अशी थाप मारली, की सगळी झाकणे खणाणली! धंद्यात फुकट काही नाही, हे त्यांनी सुनेला सगळ्यांदेखत बजावले होते.

निरीक्षक हसू लागले. “वाचा गेली, पण दुकान चालूच आहे की! आणखी काय सांगायचं राहिलं? घ्या बाई, रीतसर पैसे घ्या आणि मदतनीस म्हणून सही करा.”

त्या वर्षभर आजोबा प्रत्येक बाजाराला गाडीशेजारी खुर्चीत बसले. ताप असला तरी आले. त्यांच्या छातीवर बसून मला त्यांची धाप ऐकू येई. वर्ष भरले, परवाना सूनबाईच्या नावावर झाला, आणि त्यांनी डाव्या हाताने मला तिच्या पदराला लावले. टाचणी त्यांच्याच बोटात घुसली, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

पुढे फोटोची, प्लास्टिकची ओळखपत्रे आली. कार्यालयाने आम्हां बिल्ल्यांना भोक पाडून रद्द केले. सूनबाईने त्या भोकातच कडी ओवली आणि झाकणांसाठी घेतलेल्या गोदामाच्या किल्ल्या मला सांभाळायला दिल्या. आता तिचे केस पिकले आहेत. मला राख-लिंबू लागत नाही, मी काळवंडलो आहे. त्याचे फार दुःख नाही. दुःख होते ते दुसऱ्याच गोष्टीचे. गिऱ्हाईक येते, वस्तू उलटीपालटी करते, भावावरून हुज्जत घालते आणि समोर कोण बसले आहे हे न बघताच निघून जाते.

म्हणून मित्रांनो, एक मागणे आहे. जुन्या बाजारात गेलात, तर विकणाऱ्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे एकदा बघा. तो चार ओळींचा मजकूर तिथवर यायला कुणाचा तरी जीव झिजलेला असतो. भाव करा, जरूर करा. पण आधी नाव वाचा.