आधी प्रार्थना, मग सूप

ड्रायव्हरची वाचा गेली आणि त्या घरात सूप गारच प्यायची वेळ आली.

त्याचं असं झालं. त्या घरात जेवणाआधीची प्रार्थना करायचा मान ड्रायव्हरचा. दिवसभर बस हाकून घसा बसलेला असो नाहीतर डोकं फिरलेलं असो, गडी मेजाशी आला की हात जोडायचा, प्रभूचे आभार मानायचा, आणि मगच चमचे वाजायचे. अर्धांगाचा झटका आला, तेव्हा हात-पाय हळूहळू ताळ्यावर आले, पण शब्द काही परत येईनात. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "रोजच्या सवयीचे शब्द आधी येतील. त्यांना वेळ द्या. त्यांच्या वतीनं तुम्ही बोलून टाकू नका."

झालं! त्याची बायको, टेलरबाई, तेवढं धरूनच बसली. मेजावरची प्रार्थना यांच्या सवयीची, तेव्हा यांचं तोंड उघडेल ते तिथंच. दुसऱ्या कुणी ती म्हटली, तर आपण आशा सोडली असा त्याचा अर्थ, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. मग रोज मेजावरचे कापडाचे तुकडे आणि टाचण्या आवरून ती सूप वाढायची, डोळे मिटायची आणि थांबायची. ड्रायव्हर ओठ हलवायचा, कपाळावर घाम यायचा, आणि सुपावर साय धरायची.

"सूनबाई," सासूबाई एक डोळा उघडून म्हणायच्या, "प्रभूनं पाच हजारांना गवतावर बसवून जेवू घातलं. तू तीन माणसांना मेजावर बसवून उपाशी ठेवतेस!"

"आई, थांबा जरा. येईल त्यांना."

"तो बोलेपर्यंत मीच वर जाईन, मग तिथूनच ऐकेन."

टेलरबाई हसायची, पण ते वरवरचं. मशीनवर बसली की पायाखाली पेडल धडधडायचं आणि ओठावर एकच वाक्य असायचं, 'तुझी इच्छा, प्रभू.' इतक्या गोडीनं म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईचं काही म्हणणंच नाही. तिलाही तसंच वाटत होतं.

मग एका रविवारी चर्चमधली उपासना आटोपून पाळक जेवायला आले. तीन घरांच्या भेटी करून आले होते, पोटात कावळे कोकलत होते. सूप वाढलं गेलं. मस्त वाफ येत होती. पाळकांनी सवयीनं घसा खाकरला.

"तुम्ही नाही," टेलरबाई म्हणाली. "हे करतील."

पाळकांनी निमूट डोळे मिटले. ड्रायव्हरनं हात जोडले. ओठ हलले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सगळे थांबले. वाफ गेली, साय आली, पाळकांचं पोट गुरगुरलं. ड्रायव्हरनं सुपाकडे पाहिलं, मग पाळकांकडे, मग छताकडे, आणि मूठ मेजावर आपटून म्हणाला,

"च्यायला!"

अगदी खणखणीत. बसच्या आडवी कुणी रिक्षा घातल्यावर शब्द निघावा तसा.

"बोलला!" सासूबाई ओरडल्या. "अगं, माझा पोरगा बोलला!"

टेलरबाईनं पदर तोंडाला लावला. लाजावं की नाचावं, काही कळेना. "माफ करा हो," ती पाळकांना म्हणाली, "प्रार्थनेच्या जागी हे असलं..."

"माफी कसली, ताई? मनापासून निघालं ना? देवानं याहून कडक ऐकलंय."

आणि टेलरबाईला रडूच कोसळलं. कारण गेले कित्येक महिने तिलाही अगदी तेच म्हणायचं होतं. तिनं ओल्या गालांनीच हात जोडले आणि पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, "प्रभू, फार वाट पाहायला लावलीस. मी रागावलेय तुझ्यावर. रागावलेय, पण तुला सोडून कुठं गेले नाही, जाणारही नाही. एक शब्द दिलास, कसला का असेना, त्याचे उपकार. बाकीचेही दे. आणि जरा लवकर दे."

आता उरलं होतं फक्त आमेन. पाळकांनी ते म्हणायला तोंड उघडलंच होतं, चमचाही हातात आला होता.

"आ..." ड्रायव्हर म्हणाला. "आ..."

आणि तिथंच अडला. गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळे बायकोवर खिळले, पुढचं अक्षर काही येईना.

सासूबाईंनी हात पुढे करून पाळकांचा चमचा खाली ठेवायला लावला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "येतंय त्याचं."